स्वयंपाकघरची भाषा आणि एक माजी मास्तर

२०२१ च्या जुलैत केप टाउनमध्ये एका शब्दकोशाची घोषणा झाली. काप्स, आफ्रिकान्स आणि इंग्रजी असा त्रैभाषिक कोश. यातली काप्स म्हणजे केप टाउनच्या कष्टकरी वस्त्यांतली बोली. घरात, टॅक्सीत, नाक्यावर तीच चालते. वर्गात तोंडातून निसटली की मास्तर डोळे वटारतात. कोशामागे दोन नावं होती. पहिलं युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्टर्न केपमधल्या, बहुभाषिकतेचा अभ्यास करणाऱ्या केंद्राचं. त्यात नवल नाही, कोश काढणं हे विद्यापीठाचं कामच. दुसरं नाव 'हील द हूड प्रोजेक्ट'चं. ही संस्था वस्तीतल्या पोरांना डोक्यावर गरगर फिरायला आणि ठेक्यावर यमक जुळवायला शिकवते.

हे दुसरं नाव तिथवर पोचलं कसं, तेवढंच या प्रकरणात बघायचं आहे. कलापथकात काम करणाऱ्या, वस्तीत वर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात मी हे प्रकरण चर्चेला ठेवते. दर वेळी पहिला प्रश्न एकच येतो: "ताई, पण त्यांचं घर कसं चालतं?" दुसरा प्रश्न जरा उशिरा येतो: "म्हणजे ते नक्की गायक की शिक्षक?" पहिल्या प्रश्नाकडे पुढे वळूच. दुसरा प्रश्नच चुकीचा आहे असं माझं मत आहे, पण शिबिरात ते मी लगेच सांगत नाही.

प्रकरण आहे एमिल यान्सन यांचं. मंचावरचं नाव 'एमिल वाय-एक्स?'. शेवटचं प्रश्नचिन्ह छपाईची चूक नाही, ते नावाचाच भाग आहे. मराठीत वाक्य लिहिताना त्याचा फार त्रास होतो, तेव्हा पुढे मी नुसतं एमिल म्हणणार आहे.

वाळूवर वसवलेली माणसं

केप टाउनचे फोटो आपण बघतो त्यात टेबल माउंटन असतो, समुद्र असतो, द्राक्षांचे मळे असतात. केप फ्लॅट्स त्या फोटोत नसतं. डोंगराच्या पाठीमागे आग्नेयेला पसरलेला हा सपाट, वाळूचा, वाऱ्याचा पट्टा. १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्यानं शहराचे वंशानुसार तुकडे पाडले आणि गोऱ्यांच्या वाट्याला आलेल्या भागातल्या इतरांना उचलून या वाळूवर आणून टाकलं. डिस्ट्रिक्ट सिक्स ही शहराच्या मध्यातली गजबजलेली, सरमिसळ वस्ती ११ फेब्रुवारी १९६६ रोजी 'फक्त गोऱ्यांसाठी' जाहीर झाली. साठ हजारांवर लोक तिथून हलवले गेले, घरांवर बुलडोझर फिरले. ग्रासी पार्क, लॅव्हेंडर हिल, मिचेल्स प्लेन, मॅनेनबर्ग ही नावं या पट्ट्यातली. त्यांच्याबरोबर वर्तमानपत्रात येणारा शब्द बहुतेक वेळा 'टोळीयुद्ध' असतो. २०१९ च्या जुलैत तर सरकारनं इथे लष्कर उतरवलं.

इथल्या बहुसंख्य माणसांच्या कागदावर वर्णद्वेषी राजवटीनं 'कलर्ड' असा शिक्का मारला होता. म्हणजे कोण? खोईखोई आणि सान हे मूळचे रहिवासी, युरोपीय वसाहतवाले आणि गुलाम म्हणून आणलेली माणसं, या सगळ्यांची लेकरं. डच ईस्ट इंडिया कंपनीनं १६५२ मध्ये केपला ठाणं उभारलं आणि पुढच्या दीडशे वर्षांत साठ हजारांच्या घरात गुलाम आणले. इंडोनेशियाची बेटं, मादागास्कर, मोझांबिक आणि हिंदुस्थानचे किनारे. साधारण चौथाई माणसं आपल्या उपखंडातली, बंगाल, मलबार, कोरोमंडलकडची. केपच्या जुन्या कागदांत 'बंगालची अँजेला' अशी नावं सापडतात, गावाचं नाव हेच आडनाव. तिथे आजही लोणच्याला 'अत्चार' म्हणतात. वाचताना मी इथे नेहमी थांबते.

या माणसांना मालकाशी आणि एकमेकांशी बोलायला भाषा हवी होती. डचमध्ये मलाय मिसळली, खोई मिसळली, पोर्तुगीजचं कडबोळं मिसळलं, आणि त्यातून आफ्रिकान्स घडली. 'खूप' साठी आफ्रिकान्समध्ये 'बाया' म्हणतात, तो मलाय 'बान्याक'. केळं म्हणजे 'पिसांग', तेही मलायच. काप्समध्ये आजही विनंती करताना 'कनाला' आणि आभार मानताना 'त्रमाकासी' ऐकू येतं, आणि दोन्हींची पाळंमुळं इंडोनेशियात आहेत. एकोणिसाव्या शतकात केपच्या मदरशांत मुलं हीच भाषा अरबी लिपीत लिहीत होती. अबू बक्र एफेंदी या ऑटोमन विद्वानानं धर्माचरणाचं एक पुस्तक या भाषेत, अरबी लिपीत लिहिलं. ते १८७७ मध्ये इस्तंबूलला छापलं गेलं.

दोनच वर्षं आधी, १८७५ मध्ये, पार्ल गावात काही गोऱ्या मंडळींनी 'खऱ्या आफ्रिकानरांचा संघ' काढला होता. भाषा शुद्ध करायची, तिला प्रतिष्ठा द्यायची, तिच्यात बायबल आणायचं. १९२५ मध्ये आफ्रिकान्स राजभाषा झाली. १९७६ च्या जूनमध्ये काळ्या मुलांना तिच्यातूनच सक्तीनं शिकवायला निघाल्यावर सोवेटोची मुलं रस्त्यावर आली आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जगाला आफ्रिकान्स माहीत झाली ती अत्याचार करणाऱ्याची भाषा म्हणून. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ती चुलीपाशी घडवली, त्यांच्या बोलीला मात्र 'कोम्बाइसताल' म्हणजे 'स्वयंपाकघरची भाषा' असं हिणवत राहिले. केप फ्लॅट्सच्या मुलाची कोंडी अशी दुहेरी. घरी बोलतो ती भाषा शाळेत 'मोडकी' ठरते, आणि शाळेतली 'शुद्ध' भाषा साहेबाची असते.

शनिवारची दुपार

ऐंशीच्या दशकात ब्रेकडान्स व्हिडिओ कॅसेटांवरून केप फ्लॅट्समध्ये आला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या काळ्या आणि पोर्तोरिकन पोरांनी पडक्या इमारतींमध्ये घडवलेली गोष्ट डिस्ट्रिक्ट सिक्समधून उखडलेल्यांच्या मुलांना लगेच ओळखीची वाटली. त्याला फारसा खर्चही नव्हता. खोक्याचा पुठ्ठा किंवा लिनोलियमचा तुकडा, एक टेपरेकॉर्डर आणि मोकळी जागा. ग्रासी पार्कचे एमिल या पहिल्या फळीतले. ऐंशीच्या उत्तरार्धात त्यांच्या भोवती 'ब्लॅक नॉइझ' हा गट उभा राहिला. शहरात 'द बेस' नावाच्या क्लबात शनिवारी दुपारी हिप हॉपवाली पोरं जमायची. रात्री नव्हे, दुपारी. वस्तीतल्या पोरांना उजेडात घरी परतणं किती महत्त्वाचं असतं, हे वस्तीत काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही.

त्याच काळात 'प्रॉफेट्स ऑफ दा सिटी' हा दुसरा गट पुढे आला. १९९० मध्ये त्यांचा अल्बम निघाला, दक्षिण आफ्रिकेतला पहिला हिप हॉप अल्बम म्हणून तो ओळखला जातो. १९९३ चा त्यांचा अल्बम सरकारी नभोवाणीला झेपला नाही, त्यातली गाणी वाजवायला बंदी आली. ब्लॅक नॉइझचा पहिला अल्बम १९९२ चा. दोन्ही गट एकाच मातीतले. दोघांनीही १९९४ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या आगेमागे शाळाशाळांत जाऊन बोलण्याचं, गाण्याचं काम केलं. मतदान कसं करायचं, हे रॅपमधून सांगणं म्हणजे आपल्याकडचं जलसा आणि कलापथकाचं काम. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे ज्यांना माहीत आहेत, त्यांना हा प्रकार परका वाटू नये.

या सगळ्यात एमिल यांची गोष्ट एका बाबतीत वेगळी. ते शिकलेले शिक्षक होते, शाळेत नोकरी करत होते. नव्वदीच्या सुरुवातीला त्यांनी ती सोडली आणि पूर्ण वेळ हिप हॉपला दिला.

निर्णयाची घडी

शिबिरात मी इथे वाचन थांबवते आणि गटांना विचारते: त्यांच्यासमोर कोणते रस्ते होते?

उत्तरं पटापट येतात. शाळेत राहून सुट्टीत गाणं. हा आपल्याकडचा सर्वात ओळखीचा रस्ता, आपले निम्मे कवी आणि नाटककार जिल्हा परिषदेच्या हजेरीपटावर सापडतात. दुसरा, रेकॉर्ड कंपनीच्या गाडीत बसून जाईल तितकं पुढे जाणं. तिसरा, देश सोडणं; प्रॉफेट्स ऑफ दा सिटीनं काही काळ इंग्लंड गाठलंच. चौथा रस्ता पुष्कळदा कुणाला सुचत नाही, आणि एमिल यांनी तोच धरला. नोकरी सोडायची, शिकवायचं मात्र तेच, फक्त वर्गाचा पत्ता बदलायचा. शाळेच्या सभागृहात पाहुणा म्हणून जायचं, समाजमंदिरात शिबिर घ्यायचं, रस्त्याच्या कोपऱ्यावर पुठ्ठा टाकायचा.

हे वेडं धाडस होतं का? मला तसं वाटत नाही. शिक्षकाला एक गोष्ट आतून कळलेली असते: शाळेच्या वेळापत्रकात काय बसतं आणि काय बसत नाही. १९९० च्या आसपास 'कलर्ड' शाळेच्या वेळापत्रकात मुलाला स्वतःबद्दल जवळजवळ काहीच शिकायला मिळत नव्हतं. इतिहास सुरू व्हायचा तो डच जहाजापासून. हिप हॉपच्या चार अंगांना, म्हणजे रॅप, डीजे, ब्रेकडान्स आणि ग्राफिटी यांना, जुनी मंडळी पाचवं जोडतात: 'नॉलेज ऑफ सेल्फ', आपण कोण याचं भान. अमेरिकेत हे पाचवं अंग पुष्कळदा भाषणात उरतं. शिक्षकाच्या हाती ते पडल्यावर त्याचा अभ्यासक्रम झाला.

तो अभ्यासक्रम जमिनीवर कसा दिसतो, ते जवळून बघू. ब्रेकडान्समध्ये अगदी सुरुवातीला 'सिक्स-स्टेप' शिकवतात. तळवे जमिनीवर, ढुंगण जमिनीपासून वीतभर वर, आणि दोन्ही पाय सहा मोजांत शरीराभोवती एक पूर्ण फेरी मारतात. एक पाय पुढून जातो तेव्हा त्या बाजूचा हात उचलावा लागतो, नाहीतर पाय हातावर आपटतो. पहिल्या दिवशी सगळ्यांचा आपटतो. पोरं गोल उभी असतात, याला 'सायफर' म्हणतात. आपल्या भाषेत रिंगण. एकानं आत यायचं, करून दाखवायचं, बाहेर जायचं. आतल्याचं चुकलं तरी टाळ्या थांबत नाहीत, आणि आपली पाळी येईपर्यंत घुसायचं नाही. मास्तरांच्या छडीनं जी शिस्त येत नाही ती इथे ठेक्यानं येते.

दुसरा नियम मला याहून मोलाचा वाटतो. दुसऱ्याची चाल जशीच्या तशी उचलण्याला या मंडळींत 'बाइटिंग' म्हणतात, म्हणजे चावा घेणं, आणि ते लाजिरवाणं मानलं जातं. शिकताना नक्कल चालते. रिंगणात मात्र स्वतःचं काहीतरी घालावंच लागतं. आता शाळा आठवा. फळ्यावरचं हुबेहूब वहीत उतरवेल तो हुशार. ज्या मुलाला दहा वर्षं उतरवून घ्यायला शिकवलं, त्याला कुणीतरी पहिल्यांदा म्हणतं, हे तुझं नाही, तुझं दाखव. मग त्याला प्रश्न पडणारच: माझं म्हणजे कोणतं? कोणत्या भाषेतलं? कोशाची वाट इथून सुरू होते असं मी म्हणते. शिबिरात सगळे मान्य करत नाहीत.

घर कसं चालतं

नव्वदचं दशक संपता संपता या शाळा-वस्तीच्या कामाला 'हील द हूड' हे नाव मिळालं. २००० च्या आसपास 'आफ्रिकन हिप हॉप इंडाबा' सुरू झाली, नर्तक आणि रॅपर यांच्या स्पर्धेचा मोठा मेळावा. इंडाबा हा झुलू शब्द, पंचायत किंवा सभा अशा अर्थाचा. पुढे 'मिक्स्ड मेन्स' हा तरुणांचा गट उभा राहिला. 'मेन्स' म्हणजे आफ्रिकान्समध्ये माणसं. यातली पोरं शिकता शिकता शिकवणारी झाली आणि केप फ्लॅट्सबाहेर, देशाबाहेर कार्यक्रम करून आली. लॅव्हेंडर हिलसारख्या वस्तीतून पासपोर्ट निघणं हीच मोठी बातमी असते.

पैशाचं बोलायचं तर अशा स्वतंत्र कलाकाराचं ताट पाच-सहा वाट्यांचं असतं आणि एकही वाटी भरलेली नसते. शाळांचे कार्यक्रम, स्वतः छापून हातानं विकलेल्या सीड्या आणि पुस्तिका, परदेशातल्या महोत्सवांची मानधनं, विद्यापीठांतली व्याख्यानं, एखादा प्रकल्प-निधी. निधी हा प्रकार तर आपल्याकडच्या संस्थांना पाठ आहे. देणाऱ्याला एड्स जागृती हवी असते त्या वर्षी एड्सवर गाणं होतं, व्यसनमुक्ती हवी असते तेव्हा व्यसनमुक्तीवर. एमिल यांच्या पिढीतल्या केप टाउनच्या मंडळींनी या ओढाताणीतून मार्ग काढला, तो जोडकाम करून. सॉल्ट रिव्हरमधलं 'बुश रेडिओ' हे लोकांचं नभोवाणी केंद्र १९९३ मध्ये परवान्याशिवायच बोलायला लागलं होतं. तिथे हिप हॉपचे कार्यक्रम झाले, प्रॉफेट्सच्या शहीन अरिफदीन यांच्या पुढाकारानं तरुणांच्या कार्यशाळा झाल्या. एकाकडे जागा, दुसऱ्याकडे माइक, तिसऱ्याकडे पोरं. कुणाचंच एकट्याचं भागत नव्हतं.

'स्वतंत्र' हा शब्द अलीकडे फार चकचकीत झाला आहे. खरं तर पुष्कळदा त्याचा अर्थ 'कुणी साइन केलं नाही' एवढाच असतो. एमिल यांच्या बाबतीत मला त्यात निवड दिसते. आपल्या गाण्याचा, पुस्तिकेचा, कार्यक्रमाचा ताबा आपल्याकडे ठेवायचा, मग पोच कमी झाली तरी चालेल. किंमत उघड आहे. त्यांचं नाव जोहान्सबर्गच्या चकचकीत रॅप बाजारात फारसं कुणी घेत नाही. गाण्यांच्या खपावर त्यांची कारकीर्द मोजणाऱ्याला ती फसलेली वाटेल.

एकाच वर्षी दोन गोष्टी

२०१० हे या प्रकरणातलं सर्वात बोलकं वर्ष, आणि मी इथे मुद्दाम रेंगाळते.

त्या वर्षाच्या सुरुवातीला 'डी आंतवूर्द' या केप टाउनच्या गटाचे व्हिडिओ इंटरनेटवर जगभर फिरले. गोरे कलाकार, पण केप फ्लॅट्सच्या टोळ्यांसारखे टॅटू, आणि इंग्रजीत काप्सच्या शिव्या आणि शब्द मिसळलेले. काही महिन्यांत इंटरस्कोप या अमेरिकन कंपनीशी त्यांचा करार झाला. ज्या बोलीसाठी वस्तीतल्या मुलाला वर्गात बोलणी बसतात, तीच गोऱ्या माणसाच्या तोंडी गेली आणि तिची शैली झाली, मालही झाली. केप टाउन विद्यापीठातले अभ्यासक ॲडम हाउप्ट यांनी नंतर हा ब्लॅकफेसचाच, म्हणजे गोऱ्यानं तोंड काळं रंगवून काळ्यांची नक्कल करण्याचाच प्रकार आहे का, असा प्रश्न जाहीरपणे विचारला.

त्याच २०१० मध्ये केपच्या रंगमंचावर 'आफ्रिकाप्स' उभं राहिलं. एमिल, यित्सफिंगर, ब्लॅक पर्ल यांसारखे रॅपर-कवी, पियानोवर काइल शेपर्ड, आणि गूमा हा गुलामांच्या काळापासून चालत आलेला ठेका. नाटक म्हणावं तर नाटक, मैफल म्हणावी तर मैफल. विषय एकच: आफ्रिकान्स कुणाची? मघाशी सांगितलेला मदरशांचा, अरबी लिपीचा, चुलीपाशी घडलेल्या शब्दांचा इतिहास मंचावर आला. दिलन व्हॅली यांनी त्यावर माहितीपट केला. त्यात ही मंडळी नुसती रंगमंचावर दिसत नाहीत, शाळेतल्या मुलांपुढेही दिसतात. आपली भाषा वाईट, मोडकी, असं म्हणणाऱ्या मुलांशी बोलणं सुरू होतं. तालमीतल्या गप्पांतूनच कळतं की या कलाकारांनाही हा इतिहास शाळेनं शिकवला नव्हता. तोही तेव्हाच, शोधून, एकमेकांना सांगत मिळवलेला.

दोन घटना शेजारी ठेवल्या की शिबिरात आवाज चढतो. "ताई, पैसा तर त्यांनीच नेला ना!" हो, नेला. बोलीचा बाजार एकाकडे गेला आणि बोलीचा इतिहास दुसऱ्याकडे राहिला. आपल्याकडेही वस्तीची बोली पडद्यावर गेल्यावर वस्तीत काय उरलं, हा हिशेब कुणी मांडत नाही.

कोश

'आफ्रिकाप्स' नंतरची वाट विद्यापीठात गेली, आणि त्या विद्यापीठाचीही एक गंमत आहे. युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्टर्न केप हे वर्णद्वेषी सरकारनं १९६० मध्ये 'कलर्ड' मुलांसाठी काढलेलं वेगळं कॉलेज. लोक त्याला 'झुडपातलं कॉलेज' म्हणून नावं ठेवायचे. पुढे ते राजवटीविरुद्धच्या चळवळीचं ठाणं झालं. तिथल्या बहुभाषिकता केंद्राचे क्वेंटिन विल्यम्स हे भाषाशास्त्रज्ञ केपच्या हिप हॉपचे अभ्यासक. ते, हाउप्ट, अमेरिकेतले एच. सामी अलीम आणि स्वतः एमिल यांनी मिळून २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतलं हिप हॉप, चळवळ आणि शिक्षण यांवरचा जाडजूड ग्रंथ संपादित केला. संपादकांच्या यादीत प्राध्यापकांच्या शेजारी रॅपरचं नाव आहे, मुलाखत दिलेला माणूस म्हणून नाही. आपल्याकडचे कितीतरी लोककलावंत संशोधनात 'माहितीदार' म्हणून तळटीपेत जातात. तेव्हा हा तपशील छोटा समजू नका.

त्यानंतर दोन वर्षांनी कोशाची घोषणा. काप्समध्ये 'तू'ला 'ज्यय' म्हणतात, प्रमाण आफ्रिकान्समध्ये 'येय'. हा 'ज'चा उच्चार ऐकला की केप टाउनमध्ये माणसाची वस्ती, जात, ऐपत सगळं ठरवून टाकलं जातं. कोशात तो 'ज' शब्दाच्या डोक्यावर, पहिल्या अक्षरात येणार. चुकीच्या यादीत नाही.

आक्षेप

हे प्रकरण मी आरतीसारखं वाचत नाही. तीन गोष्टी मला खटकतात.

एक, कोश बोलीला प्रतिष्ठा देतो तसा तिला गोठवतोही. कुणाची काप्स 'खरी' ठरणार? बो-काप्प या केप टाउनच्या जुन्या वस्तीतल्या मुस्लीम घरांतली, की केप फ्लॅट्सच्या तुरुंगातून आलेली, की शहरापासून दूर शेतमजुरांची? १८७५ च्या पार्लमध्येही 'खरे' हाच शब्द वापरला होता.

दोन, हिप हॉपचं रिंगण पोरांचं. ब्रेकडान्समध्ये मुली येतात, पण त्यांना दुपारी उजेडात सुद्धा घरातून निघणं सोपं नसतं. 'आफ्रिकाप्स' मध्ये ब्लॅक पर्ल आहे म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

तीन, आणि हा मला सर्वात जड वाटतो: अशी कामं एका माणसाच्या अंगावर उभी असतात. त्याचे गुडघे, त्याची गाडी, त्याच्या ओळखी. मिक्स्ड मेन्ससारख्या गटातून पुढची शिकवणारी पोरं तयार होतात हे खरं. पण संस्था उभी करण्यात जो वेळ गेला, त्यातून कितीतरी गाणी झाली नसतील. आणि लष्कर उतरवण्याइतकी परिस्थिती बिघडलेल्या वस्तीत सिक्स-स्टेप कितीसा पुरणार? एखाद्या रात्रीपुरता पुरत असेल. ज्या घरातलं पोरगं त्या रात्री रिंगणात होतं, त्या घराला तेवढंही पुष्कळ असतं.

गेल्या शिबिरात

गेल्या वेळी वाचन संपल्यावर वऱ्हाडातल्या एक ताई उठल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. म्हणाल्या, "माझ्या वर्गातलं पोरगं 'मले पाणी पाह्यजे' म्हणते. मी त्याले 'मला' म्हणाले लावतो. सोळा वर्षं झाले लावून राह्यलो. अन् घरी मीबी 'मले'च म्हणतो." आणि बसल्या.

मागच्या रांगेतून सिंधुदुर्गातल्या एका दादांनी विचारलं, "ताई, पेपरात 'माका' लिवल्यान तर मार्क कोण देतलो?"

वऱ्हाडच्या ताई पुन्हा उठल्या. पहिलीचा पेपर आपणच तपासतो, तिथे मार्क कापायला कुणी सांगितलंय, असं त्यांचं म्हणणं. दादा म्हणाले, पहिलीत देशील, दहावीत काय करशील? एका अहिराणी भाषक पोरानं फळ्यावर 'माले' लिहिलं आणि खडू दुसऱ्याच्या हातात दिला. जेवणाची वेळ टळून गेली, आचारी दोनदा येऊन बघून गेले.